‘माझा अंक आठ आहे, मी काय करू?’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. अंकशास्त्रात जन्मतारखेतल्या आकड्यांची बेरीज करून माणसाचा अंक काढतात. कुणाचा अंक चार असतो, कुणाचा आठ. कुणाला घड्याळात सारखं 11:11 दिसतं आणि त्यातला इशारा समजून घ्यायचा असतो. शिक्षण किती, वय काय, याने काही फरक पडत नाही. म्हणून नाव आणि तपशील बदलून एका मुलीबद्दल लिहिते. तिला मीरा म्हणू.

मीराचा जन्म 17 तारखेचा. एक अधिक सात, आठ. वडील गेले 26 तारखेला. दोन अधिक सहा, पुन्हा आठ. तेव्हापासून ती सगळ्याच आकड्यांच्या बेरजा करू लागली आणि जिथे तिथे तिला आठ सापडू लागला. ठरत आलेलं लग्न तिने पुढे ढकललं होतं. “मी ज्यांच्या जवळ जाते त्यांचं वाईट होतं,” ती म्हणाली.

‘हे सगळं थोतांड आहे’ असं सांगून मोकळं होता येतं. मी तसं करत नाही. माझी जडणघडण स्विस मनोविश्लेषक कार्ल युंगच्या विचारांत झाली आहे. ज्याला एखाद्या प्रतीकाने धरून ठेवलंय, त्याच्या प्रतीकाला हसलं की तो मनाचं दार लावून घेतो, हे मी त्या वाटेवर शिकले.

“आठ वाईट, हे कुठे आहे?”

“अंकशास्त्रात. शनीचा अंक आहे ना तो.”

“कुठल्या अंकशास्त्रात?”

अंकांच्या परंपरा अनेक आहेत, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किरो या ज्योतिषाने लोकप्रिय केलेल्या पद्धतीत आठ शनीकडे जातो. पण त्याच पद्धतीत चार युरेनसचा आणि सात नेपच्यूनचा. युरेनसचा शोध 1781 चा, नेपच्यूनचा 1846 चा. म्हणजे ही वाटणी, निदान या रूपात तरी, हजारो वर्षांची नाही. पायथागोरसच्या अनुयायांना आठमध्ये पहिला घन दिसला, दोन गुणिले दोन गुणिले दोन. ख्रिस्ती परंपरेत आठवा दिवस पुनरुत्थानाचा, म्हणून बाप्तिस्म्याच्या कित्येक जुन्या वास्तू अष्टकोनी आहेत. बुद्धाचा मार्ग अष्टांगिक. चीनमध्ये आठ इतका शुभ की बीजिंग ऑलिम्पिकचं उद्घाटन 8 ऑगस्ट 2008 ला, रात्री आठला ठेवलं गेलं. आणि ज्यू गूढवादात अक्षरांना अंकमूल्यं असतात. तिथे ईश्वराच्या सर्वांत पवित्र नावाच्या चार अक्षरांची बेरीज होते 26.

26 ऐकल्यावर तिचे डोळे भरून आले.

“मग खरा अर्थ कोणता?”

मी उत्तर दिलं नाही. एक भीतीचा अर्थ काढून त्या जागी दुसरा गोड अर्थ ठेवणं हे माझं काम नव्हे. थोडं थांबून मी विचारलं, “समज, आठचा कशाशीच संबंध नाही. मग काय उरतं?”

बराच वेळ ती खाली बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “मग बाबा उगीचच गेले.”

इतकी वर्षं हे काम करताना काही वाक्यं अशी ऐकली की त्यांनी मला माझा विषय नव्याने दाखवला. हे त्यांतलं एक. आठची भीती मीराला छळत होती, तशीच तिला सांभाळतही होती. वडिलांच्या मृत्यूला काही कारणच नाही, हे सोसण्यापेक्षा ‘कारण मी आहे’ हे तिला सोपं जात होतं. दोषाला निदान तोंडावळा असतो. निरर्थकाला तोही नसतो. त्यानंतर आमच्या बोलण्यात आठ क्वचितच आला. वडील आले, त्यांचा आजार आला, आणि शेवटच्या रात्री ती घरी झोपायला गेली होती, हे आलं. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नाचा निर्णय तिने पुढे स्वतःच घेतला.

तुमच्या मनात असा एखादा अंक घर करून बसला असेल, तर मीराला विचारला तोच प्रश्न स्वतःला विचारा. तो अंक बाजूला ठेवला तर काय उरतं? बहुतेकांच्या बाबतीत तिथे एखादं न रडलेलं दुःख किंवा टाळलेला निर्णय असतो.

थोडं गणितही करून पाहा. सात वेगवेगळ्या आकड्यांच्या बेरजा एका अंकावर आणल्या, तर त्यांत किमान एकदा आठ येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. शोधणाऱ्याला तो सापडणारच. यात बुद्धी कमी पडते असंही नाही. आपण 61-62 व्या वर्षी मरणार, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईडला वाटत असे. 1899 मध्ये मिळालेला त्याचा टेलिफोन नंबर 14362 होता, शेवटी 62. पुढे ग्रीसच्या प्रवासात 61 आणि 62 त्याला जागोजागी दिसू लागले, आणि हॉटेलची खोली 31 क्रमांकाची मिळाली तेव्हा ती 62 ची निम्मी, हेही त्याने टिपलं. 1909 मध्ये त्याने हे सगळं युंगला पत्रातून कळवलं. 1939 मध्ये तो गेला तेव्हा 83 वर्षांचा होता.

अंकांवर चिंतन करणं मला सुंदर वाटतं. ज्या चारला अनेकजण घाबरतात, तो युंगला पूर्णत्वाचा अंक वाटे. अंकाकडे बघून मन उघडत असेल, तर खुशाल बघा. ते आक्रसत असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि जवळच्या माणसाशी बोला.

मात्र बेरजा केल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसेल, ठरावीक वेळा मोजलं नाही तर काही भयंकर घडेल असं वाटत असेल, दिवसाचा तासभर किंवा जास्त वेळ त्यात जात असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी हा मनाचा आजार, असू शकतो. त्यावर औषधं आहेत, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचे उपचार आहेत, आणि त्यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो. अशा वेळी माझ्यासारख्या समुपदेशकाआधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा, आणि ‘आकडे मोजतो’ हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. लाजेमुळे नेमकं तेच सांगायचं राहून जातं.