डायरी राहू द्या, आधी ते विजेचं बिल हातात घ्या

तुम्ही लिहिलंय की घरात दोघंच, भाड्याचं घर, रोजचा खर्च डायरीत पैशापैशाने लिहिता, दूध कमी केलं, पेपर बंद केला, तरी महिनाअखेरीस ओढाताण. आणि पुढे एका ओळीत, जाता जाता, की मधले काही महिने बिलं कमी आली आणि आता एकदम मोठं बिल आलंय. तिथे मी थांबले. आमच्या घराचं बजेट याच ओळीने झोपवलं होतं.

किराण्याची यादी, हॉटेलिंग वगैरेवर मी बोलत नाही, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं जमतंय.

बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघा. मधल्या महिन्यांत दोन्ही आकडे सारखेच असूनही युनिटं लावलेली असतील, किंवा 'लॉक', 'फॉल्टी', 'सरासरी' असं काही छापलं असेल, तर तुमचं मीटर कुणी वाचलेलंच नाही. आमच्या बिलावर मीटरच्या फोटोच्या जागी जिन्याखालच्या सायकलचं चाक होतं. मीटर त्याच्या वर हातभर अंतरावर!

आता खरी गोम. दर टप्प्याटप्प्याने चढतो: 100 युनिटांपर्यंत स्वस्त, 101 ते 300 बराच महाग, 301 ते 500 त्याहून महाग. समजा तुमचा खरा वापर महिन्याला 130 आहे. तीन महिने सरासरीने 60-60 लावले आणि चौथ्या महिन्यात रीडिंग घेऊन उरलेली 340 युनिटं एकाच महिन्याची धरली, तर त्यातली 40 थेट तिसऱ्या टप्प्यात जातात. खरं तर एकूण 520 युनिटं चार महिन्यांत वाटायला हवीत, म्हणजे दर महिन्याला 100 स्वस्त दराने आणि फक्त 30 वरच्या दराने. एकूण हिशेब केलात तर स्वस्त दराची 120 युनिटं तुमच्या हातून गेलेली असतात. वीज तेवढीच जाळलीत, पैसे मात्र जास्त. असं बिल टप्प्यांचा फायदा देऊन दुरुस्त करून मागता येतं, पण न मागता मिळेलच असं नाही.

आमच्या इथल्या कार्यालयात मागितलं तर खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. "बघा ना मॅडम, सिस्टीममध्येच असं आलंय." साहेब कायम साईटवर. आणि सगळ्यांचं एकच पालुपद: आधी भरा, मग बघू. वर उपकार केल्यासारखं "हप्ते पाडून देतो". माझं स्पष्ट मत, बिल दुरुस्त झाल्याशिवाय हप्ते घेऊ नका. हप्त्यांचा अर्ज म्हणजे रक्कम मान्य असल्याची सही, असंच ते धरून चालतात. तोंडी तर काहीच बोलू नका. दोन प्रतीत अर्ज, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच मागितली की त्यांचा आवाज लगेच बदलतो, हा माझा अनुभव आहे.

वीज तोडण्याची धमकी देतील. वीज कायदा 2003, कलम 56 वाचून ठेवा. तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरली, तर तोडता येत नाही. तरीही दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. मी वकील नाही, वीज खात्यातलीही नाही, तुमच्या कागदात काही वेगळं असू शकतं. पण या कलमाचा आकडा अर्जात लिहिलेला बरा असतो, एवढं नक्की.

तुमचं मीटर मालकांच्या नावावर असणार. त्यांच्याकडून अधिकारपत्र आणा, नाहीतर "तुम्ही ग्राहकच नाही" म्हणून परत पाठवतील. आमच्या ओळखीच्या एका भाडेकरूला असंच पाठवलं होतं.

अवांतर: दूध कशाला तोडता? त्यापेक्षा पंखे बघा. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिटं. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 वॅटच्या आसपास, म्हणजे 11 युनिटं. दोन पंखे बदलले की वर धरलेला 130 युनिटांचा वापर 100 च्या आत येतो की नाही बघा. पंखा महाग असतो हे खरं, आणि भाड्याच्या घरात लावायचा का हा प्रश्न आहेच, पण सोडून जाताना काढून नेता येतो. जुना मात्र माळ्यावर जपून ठेवा, नाहीतर मालक डिपॉझिटमधून कापतील.

अर्ज दिलात की त्यांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहा. सरासरी बिलाचे महिने नक्की किती ते सांगितलंत तर हिशेब मांडून देते.