तुमचे प्रश्न : एमडी झालं, आता रिसर्चला पैसे कोण देणार?

प्रश्न : पीएसएममधे (म्हणजे सार्वजनिक आरोग्य, कम्युनिटी मेडिसिन) एमडी होऊन दोन वर्षं झाली, सध्या सोलापुरातच एका नागरी आरोग्य केंद्रात आहे. ओपीडीला विडी वळणाऱ्या बायका खूप येतात, बऱ्याच जणी तेलुगू बोलणाऱ्या. शुगर-बीपीच्या गोळ्या एक महिना नेतात आणि पुढच्या महिन्यात गायब. विचारलं तर म्हणतात, सकाळी विड्या द्यायला जायचं असतं, तुमचा दवाखाना नेमका तेव्हाच. मला यावर नीट अभ्यास करायचाय, पण सीनियर म्हणतात पोस्टडॉक (सर्वात वरच्या पदवीनंतरचं पगारी संशोधन) पीएचडीवाल्यांचं असतं, तू नाद सोड. सासूबाई विचारतात अजून किती शिकणार. काही मार्ग आहे का? — एक डॉक्टर, अक्कलकोट रोड

उत्तर : डॉक्टर, सीनियर चुकतायत. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, पूर्वीचं सर्ब) नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते आणि तिला पीएचडी किंवा एमडी-एमएस चालतं, वयाची अट ३५, बायकांना वर ५ वर्षं सूट. आयसीएमआरचीही (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आहे, पण ती त्यांच्याच संस्थांमधे बसून करायची, त्यामुळे सोलापूर सोडावं लागणार. तिसरी इंडिया अलायन्स, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचं वेलकम ट्रस्ट मिळून २००८ पासून चालवतात. तिथे क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थवाल्यांसाठी वेगळी सोय आहे, वयाची अट नाही, बाळंतपणात गेलेली वर्षं धरून विचार करतात, आणि अर्ली करिअर फेलोशिप पाच वर्षांची. २०२५ मधे केंद्राने तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिलीये, म्हणजे दुकान बंद होणार नाहीये. तुमच्या विषयाला मला हीच जास्त जवळची वाटते, पण स्पर्धाही तेवढीच तगडी.

कोणीतरी तुम्हाला इंग्लंडच्या एनआयएचआर (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) स्कूल फॉर प्रायमरी केअर रिसर्चची लिंक पाठवेलच. २००६ पासून आहे, काम उत्तम, पण ते तिथल्या विद्यापीठांतल्या लोकांसाठी. वाचा आणि सोडून द्या.

आता खरी गोम. सगळे फेलोशिपचं नाव आणि स्टायपेंडचा आकडा बघतात आणि अडकतात होस्ट संस्थेवर, म्हणजे जिच्या नावावर फेलोशिप चालते तिच्यावर. तुमचं आरोग्य केंद्र होस्ट होऊ शकत नाही, कारण पैसे संस्थेच्या खात्यात येतात, त्याचा हिशेब ठेवणारं अकाउंट्स लागतं, नोंदणीकृत एथिक्स कमिटी लागते आणि ज्याने स्वतः पेपर लिहिलेत असा मेंटॉर लागतो. मग दोनच वाटा. एक म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिनमधे जाऊन बसा, फोनवर नको, समोर बसून बोला. दुसरी, होस्ट पुण्याचा आणि फील्ड सोलापूरचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं वढूला गावपातळीवरचं काम कित्येक वर्षं चालूय, असे लोक तुमचा प्रश्न दोन मिनिटांत समजतील. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, तेवढं महिन्यातून एकदा जमवा.

प्रपोजलमधे पहिल्याच पानावर त्या बायकांचा दिवस लिहा. दिल्लीत बसलेल्या रिव्ह्यूअरला काय माहीत की पान-तंबाखू घरी आणायची, हजार विड्या वळायच्या, त्या परत नेऊन द्यायच्या, आणि त्यात दवाखान्याची वेळ बसतच नाही. तो ‘अडाणी आहेत, गोळ्या सोडतात’ एवढंच धरून चालतो. गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, ते काम १९९९ मधे लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तो प्रश्नही गावातूनच आला होता, लायब्ररीतून नाही.

बजेटमधे तुमचा पगार वेगळा आणि अभ्यासाचा खर्च वेगळा, हे घोळू नका. संमतीपत्र मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत लागेल, तेलुगू बोलणारी एक फील्ड वर्कर लागेल, शक्यतो त्याच वस्तीतली. आणि संध्याकाळची ओपीडी सुरू करून फरक पडतो का हे बघणार असाल तर ती ट्रायल झाली, पहिली बाई नोंदवायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल्सची देशातली सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन हवं, नंतर केलेलं चालत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचा पेपर एवढ्यावरून परत आला, वर्षभराची मेहनत.

नोकरीचं मात्र नीट विचारून घ्या. फेलोशिप पूर्णवेळ असते, परमनंट असाल तर रजा आणि लिएन (मूळ पदावर परत यायचा हक्क) लेखी घ्या, कंत्राटी असाल तर राजीनामाच. आणि सासूबाईंना सांगा हे शिकणं नाही, यात दरमहा पैसे येतात. आमच्याकडे हे वाक्य चाललं होतं.

प्रश्न : मी डॉक्टर नाही, समाजकार्यात पीएचडी, वय ४१. आशाताईंच्या कामावर पुढे रिसर्च करायचाय. माझं वय गेलं का? — पंढरपूर

उत्तर : नॅशनल पोस्टडॉकसाठी गेलं, आयसीएसएसआरसाठी (केंद्राची सामाजिक शास्त्र संशोधन परिषद) नाही. त्यांची दोन वर्षांची पोस्टडॉक फेलोशिप ४५ पर्यंत चालते. संलग्न व्हायला विद्यापीठ लागतं, सोलापूर विद्यापीठ तुम्हाला जवळच. मार्गदर्शकांना आधी दोन पानांचं टिपण पाठवा, मग केगावला, म्हणजे विद्यापीठात, जा, आणि मे महिना असेल तर अकराच्या आत पोचा.