अ‍ॅम्बेसेडरला इसुझु इंजिन टाकताना जुना गिअरबॉक्स चालेल का?

१४८९ सीसीच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरला इसुझुचं १८०० सीसी इंजिन टाकून मूळचा चार गिअरचा बॉक्स ठेवता येतो, पण ठेवू नका. लातूरला जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सचीच कामं करतो, म्हणून ठामपणे सांगतो. बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचाचे, बोल्ट जुळत नाहीत, मधे अडाप्टर प्लेट लागते. ती लेथवाला करून देईल. खरी कसोटी आहे ती इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समध्ये ताकद नेणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बरोबर मध्यावर बसवण्याची. केसभर फरक राहिला तरी त्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग जातं, मग तेल अडवणारं सील. क्लच प्लेटही वेगळी करून घ्यावी लागते: स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) जुन्या शाफ्टच्या, व्यास नव्या फ्लायव्हीलचा (इंजिनामागचं जड चाक, ज्यावर क्लच दाबला जातो). एवढं सगळं जमलं तरी बॉक्स जुन्या इंजिनाच्या ताकदीपुरताच. भरली गाडी कन्नडच्या घाटात चढवली की गिअरच्या दातांवर ताण येणारच. हिंदुस्तान मोटर्सने हे इंजिन दिलं तेव्हा सोबत पाच गिअरचा बॉक्स दिला होता. तोच इंजिनासकट घ्या आणि मागचं माउंटिंग व प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याची) लांबी जुळवा. मात्र इंजिन उतरवण्याआधी आरटीओची परवानगी काढा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे ती लागतेच, आणि त्यासाठी इंजिनाची खरेदीची कागदपत्रं हवीत.