तिसरीच्या पोरांना इंग्रजीची गोडी कशी लागते
अगं, तिसरीच्या पोरांना इंग्रजीची गोडीच लागत नाही म्हणून शिकवायच्या पहिल्याच वर्षी एवढं टेन्शन घेऊ नकोस. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्याआधी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची, आणि तेव्हापासून मी एकच बघतेय की "मोठेपणी नोकरी लागेल" हे आठ वर्षांच्या पोराला सांगून काही उपयोग नसतो, ती आईबापाची हौस. पोराला आज, आत्ता काहीतरी जमलं पाहिजे. माझ्या वर्गात एक जण तोंडच उघडायचा नाही, ऊसतोडीच्या सीझनला ट्रकमागचं हॉर्न ओके प्लीज त्याने स्वतः जोडून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सात ट्रकांवरचे शब्द वहीत उतरवून आणले, निम्मी स्पेलिंगं चुकलेली! मी लाल पेन काढलाच नाही. क्रिकेट, बिस्किटाचा पुडा, मोबाईलमधला गेम, सगळं येऊ दे वर्गात. कुणी चुकल्यावर बाकीचे हसले तर मात्र तिथल्या तिथे थांबव, एकदा हसं झालं की ते पोरगं महिनाभर गप्प. स्टिकर-बिकर दे, पण रोज नको, नाहीतर स्टिकर नाही तर वाचन नाही असं होऊन बसतं. आणि ग्रामरचं म्हणशील तर ते दिवाळीनंतर बघू गं.