वाचक विचारतात : शिकागोतील मेक्सिकन कलेचे घर

प्रश्न : ऑक्टोबरात माझे शिकागोला जाणे होणार आहे. तेथे केवळ मेक्सिकन कलेला वाहिलेले एक संग्रहालय असल्याचे समजले. त्याच शहरात आर्ट इन्स्टिट्यूटसारखे विख्यात संग्रहालय असताना एका समाजाच्या कलेसाठी वेगळी वास्तू कशाला हवी? अशाने कला जातकुळीच्या चौकटीत अडकत नाही का? शिवाय तेथे मृतांसाठी वेद्या मांडतात म्हणे. त्यांना कला म्हणावे की धर्मविधी?

उत्तर : आपण ज्याविषयी विचारता ते संग्रहालय म्हणजे पिल्सन वस्तीतील ‘नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट’. कार्लोस टोर्टोलेरो, हेलेन वाल्डेझ आणि त्यांच्या काही शिक्षक सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये संस्था स्थापन केली आणि १९८७ मध्ये हॅरिसन पार्कमधील, पूर्वी होड्या बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत तिचे दालन उघडले. सध्याचे नाव २००६ पासूनचे आहे. पिल्सन हे नाव मात्र चेक स्थलांतरितांनी दिलेले. मेक्सिकन कुटुंबे तेथे नंतर आली.

वेगळ्या संग्रहालयाची गरज आपल्याला मोठ्या संग्रहालयांच्या मांडणीतच दिसेल. तेथे अॅझ्टेक आणि माया या प्राचीन संस्कृतींची शिल्पे बहुधा पुरातन वस्तूंच्या दालनात असतात, दिएगो रिव्हेरा आणि फ्रिदा काहलो हे मेक्सिकन चित्रकार आधुनिक चित्रकलेत येतात, मातीची भांडी व विणकाम लोककला म्हणून बाजूला काढले जाते आणि शिकागोतच जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या चित्रकाराला यांपैकी कोठे ठेवावे, हे ठरत नाही. पिल्सनमधील संग्रहालय या सर्वांना एकाच परंपरेचे भाग मानते. ‘सिन फ्रोन्तेरास’, म्हणजे सीमांविना, असे ते आपल्या भूमिकेचे वर्णन करते. प्राचीन काळापासून आजपर्यंतच्या, मेक्सिको-अमेरिका सीमेच्या दोन्ही बाजूंच्या १८ हजारांहून अधिक कलावस्तू त्याच्या संग्रहात आहेत.

चौकटीविषयीची आपली शंका रास्त आहे, आणि तिला या संग्रहालयाने स्वतःच दिलेले उत्तर मला अत्यंत मोलाचे वाटते. २००६ मध्ये त्याने मेक्सिकोतील आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास आणि कला यांवर मोठे प्रदर्शन भरवले. वसाहतकाळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा वारसा, वेराक्रुझ परिसरात बंड करून आपली स्वतंत्र वस्ती उभारणारा यांगा, या गोष्टी स्पॅनिश आणि मूळनिवासी अशा दोनच धाग्यांतून मेक्सिकन ओळख सांगणाऱ्या कथनात झाकल्या गेल्या होत्या. ज्या समाजासाठी संग्रहालय उभे राहिले, त्याच समाजाला आपल्या ओळखीचा पुन्हा विचार करायला लावणे हे धाडसाचे काम होते. आतल्या माणसाने विचारलेल्या अशा प्रश्नाला जे वजन असते, ते बाहेरच्या पाहुण्याच्या प्रश्नाला क्वचितच येते.

आता वेद्यांविषयी. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत ‘दिया दे लोस मुएर्तोस’, म्हणजे मृतांचा दिवस, पाळतात. त्या दिवसांत मृत आप्त घरी येतात, अशी श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी मांडलेल्या वेदीला ‘ओफ्रेंदा’ म्हणतात. तिच्यावर सेंपासुचिल म्हणजे झेंडूची फुले, मेणबत्त्या, छायाचित्रे, कातरकामाचे रंगीत कागद, साखरेच्या कवट्या आणि त्या व्यक्तीच्या आवडीचे खाणेपिणे असते. घरातील वेदी हा निःसंशय विधी आहे. संग्रहालयात १९८७ पासून दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनात कलावंत हीच मांडणी करतात, तेव्हा कोणती वस्तू निवडायची, ती कोठे ठेवायची आणि पाहणाऱ्याला कोठे थांबवायचे, हे निर्णय कलेचे असतात. पण वेदी कोणाच्या तरी स्मरणार्थ असते, हे त्यामुळे बदलत नाही. म्हणून मी तिला दोन्ही म्हणेन. तिच्यासमोर उभे असताना कलावस्तू पाहतो आहोत आणि कोणाच्या तरी घरच्या दुःखापाशी आलो आहोत, या दोन्ही जाणिवा मनात राहू द्याव्यात.

हे प्रदर्शन शरद ऋतूत असते, त्यामुळे आपला महिना योग्य आहे. प्रवेश सर्वांना विनामूल्य आहे. संस्थापक स्वतः शिक्षक असल्याने शुल्काअभावी वस्तीतील एकही मूल दाराशी अडू नये, ही दृष्टी त्यामागे मला दिसते.