अठ्ठावन्नाव्या आठवड्यातली पर्स

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम बघते. नणंदेच्या लग्नासाठी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवरून लुई व्हितॉ या महागड्या फ्रेंच कंपनीची ‘नेव्हरफुल’ पर्स ६२,००० रुपयांना घेतली. विकणारी बाई मुंबईची. ‘मिस्टरांनी २०१९ मध्ये पॅरिसहून आणली, चार-पाचदाच वापरली, १०० टक्के ओरिजिनल,’ असं तिने चॅटवर लिहिलं होतं. ५,००० रुपये ॲपमधून भरले, वर ‘खरेदी सुरक्षा’ म्हणून ॲपने १९९ घेतले. उरलेले ५७,००० ‘ॲपचं कमिशन वाचेल’ म्हणाली म्हणून थेट यूपीआयने दिले. लग्नात पर्स मिरवली. नंतर मैत्रिणीला शंका आली, पैसे भरून तपासून घेतली तर डुप्लिकेट. बाईने मला ब्लॉक केलंय. ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त गाठ घालून देतो. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. दीड महिना झाला. केससाठी मुंबईला खेटे घालावे लागतील का? अशी पर्स घरात ठेवणं गुन्हा आहे का? की मीही कोणाला तरी विकून मोकळी होऊ? घरी अजून काही सांगितलेलं नाही.

उत्तर : ताई, विकायचा विचार आधी डोक्यातून काढा. आज तुम्ही फसवल्या गेलेल्या आहात. उद्या ती पर्स विकलीत की फसवणाऱ्या व्हाल, तेही माहीत असताना. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणं, किंवा विकण्यासाठी बाळगणं, हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड ५०,००० पासून २ लाखांपर्यंत. ‘मी स्पष्ट फर्स्ट कॉपी लिहून विकेन’ असं मनात येत असेल तर तीही पळवाट नाही. घेणाऱ्याला खरं सांगितलंत म्हणून कंपनीचं चिन्ह वापरायची परवानगी मिळत नाही. स्वतःच्या वापरासाठी घेतलेली पर्स कपाटात असणं मात्र गुन्हा नव्हे. ती तशीच राहू द्या. वापरू नका, पुसू नका, आतली लेबलं उचकटू नका. तो तुमचा मुद्देमाल आहे.

पर्स खोटी आहे हे दाखवणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत आतल्या पट्टीवर दोन अक्षरं आणि ५१८९ असे आकडे आहेत. मला पर्समधलं काही कळत नाही, पण आमच्या ऑफिसातल्या ज्युनिअर वकीलबाईंनी शिकवणी घेतली. २००७ पासून २०२१ मध्ये हे कोड बंद होईपर्यंत या कंपनीच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष असायचं. म्हणजे ही पर्स २०१९ सालच्या अठ्ठावन्नाव्या आठवड्यात तयार झाली! बाईंनी वर्ष बरोबर जुळवलं, पण आठवडे मोजायचे राहिले. सोबत आलेलं ते ‘ऑथेंटिसिटी कार्ड’ही जपून ठेवा. ही कंपनी असं कार्ड देतच नाही, डुप्लिकेटवाले देतात. तरीही नुसत्या आमच्या हिशेबावर विसंबू नका. ज्यांच्याकडून तपासून घेतलंत त्यांच्याकडून सहीचा लेखी अहवाल घ्या. फोनवर आलेलं ‘नॉट ऑथेंटिक’ एवढंच पुरणार नाही.

खरा पेच वेगळाच आहे. विकणारी बाई कोण?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ‘खरी म्हणून दिलेली खोटी वस्तू’ चांगली ओळखतो. त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम तर सांगतात की बनावट माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. पण त्याच नियमांत सुरुवातीलाच एक फट आहे. कोणी व्यक्ती नियमित धंदा म्हणून नव्हे, आपल्या घरातली वस्तू खासगीपणे विकत असेल तर हे नियम तिला लागू नाहीत. जुन्या वस्तूंच्या ॲपवर प्रत्येक जण हाच मुखवटा घालून बसलेला असतो. ‘मिस्टरांनी आणली’, ‘परदेशी शिफ्ट होतोय’, ‘कपाट रिकामं करतेय’. माल खपवायला हे बोलणं उपयोगी पडतंच, पकडलं गेलं तर कायद्यापासून आडोसाही देतं.

म्हणून आधी हा मुखवटा काढायचा. तुमच्या खात्यावर तिने ब्लॉक केलं असेल, मैत्रिणीच्या खात्यावरून बघा. तिच्या नावावर आणखी किती पर्स विकायला आहेत? तेच फोटो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या शहरात दिसतात का? आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय काय? एका बाईच्या कपाटातून वर्षभरात पंधरा पर्स निघत असतील तर ते कपाट नव्हे, दुकान आहे. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आजच काढा. तुमची तक्रार गेल्याची कुणकुण लागली की जाहिराती एका रात्रीत गायब होतात.

हाच पुरावा पोलिसांकडेही लागणार आहे. ‘दिवाणी मामला’ हे त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात पहिल्यापासून खोटा हेतू होता हे दिसावं लागतं, आणि त्या बाईलाही कोणी फसवून ती पर्स विकली असेल तर तिच्यावर गुन्हा टिकत नाही. पण एकाच खात्यावर अशा दहा पर्स दिसल्या की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) सरळ लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा दखलपात्र गुन्हा. तेव्हा पुन्हा जाताना लेखी अर्ज घेऊन जा आणि त्यावर पोच घ्या. ‘एनसी करून देतो’, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. ललिताकुमारी प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. व्यापारी व्यवहारात आधी थोडी प्राथमिक चौकशी करायची मुभा त्याच निकालात आहे, ती मात्र त्यांना करू द्या. ठाण्यात दाद लागली नाही तर अर्ज पोलीस आयुक्तालयात वरिष्ठांकडे, आणि तिथेही नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार आजच नोंदवा. पैसे गेले त्याच दिवशी केली असतीत तर रक्कम खात्यात अडकवता आली असती. दीड महिन्यानंतर तशी आशा मी दाखवणार नाही. तरी तक्रार हवीच, कारण त्या यूपीआय आयडीमागचं खरं नाव आणि पत्ता बँक तुम्हाला देणार नाही, पोलिसांना द्यावा लागेल.

आता ॲप. ‘आम्ही फक्त गाठ घालून देतो’ हे म्हणणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ वर उभं आहे, मध्यस्थाला तिथे संरक्षण आहे. ते किती आणि कुठवर, यावर कोर्टांतही एकमत नाही. ख्रिश्चन लुबुताँ या महागड्या बुटांच्या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं, की विक्रीत स्वतः हात घालणाऱ्या संकेतस्थळाला नुसतं मध्यस्थ म्हणता येणार नाही. २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने दुसऱ्या एका प्रकरणात हा फरक मान्य केला नाही. दोन्ही भांडणं कंपन्यांची होती, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाची नव्हे. तुमच्या हातात त्यापेक्षा साधी गोष्ट आहे : ते १९९ रुपये. ‘खरेदी सुरक्षा’ म्हणून पैसे घेतले आणि सुरक्षा दिली नाही, ही सेवेतली त्रुटी. त्या ऑर्डरचा क्रमांक लिहून ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे नियमच आहेत. त्याच पत्रात विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्काची माहिती मागा. ॲपवरून खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितली तर ती द्यावी लागते.

तुमच्या बाजूचा कच्चा दुवाही सांगतो. ५७,००० ॲपबाहेर दिले. ॲपचा वकील पहिल्याच तारखेला यावर बोट ठेवणार, आणि ग्राहक आयोगाला ते पटूही शकतं. म्हणून तक्रार ॲप आणि बाई दोघांविरुद्ध एकत्र करा. संपूर्ण रक्कम, व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्च मागा, पण ॲपकडून सगळे पैसे मिळतील असं धरून चालू नका.

मुंबईचं म्हणाल तर जायची गरज नाही. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, हा २०१९ च्या कायद्याने केलेला सर्वांत उपयोगी बदल. सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग तुमच्यासाठी पुरेसा आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नेमायची सक्ती नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते. मुदत दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. कायदा बरंच काही म्हणतो, तुम्ही त्याहून जास्त वेळ धरून चाला. आणि ती बाई खरोखरच एकटी गृहिणी निघाली, तर तिच्याविरुद्ध सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या आत दावा लावता येईल. पैसे इथून गेले, माल इथे आला, एवढं कारण पुरतं. १९३० च्या मालविक्री कायद्यात वर्णनाप्रमाणे माल नसेल तर तो नाकारता येतो, आणि ‘१०० टक्के ओरिजिनल’ हे वर्णन तिने स्वतः टाइप केलंय. नुसतं ‘ब्रँडेड पर्स’ लिहिलं असतं तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो.

सोलापूरकराला हे सगळं नवीन वाटू नये खरं तर. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तरी बाहेर विणलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून गावोगाव खपतात. आपण चादर हातात घेऊन, वीण बघून ओळखतो. पर्स तुम्ही फोनच्या काचेतून ओळखायला गेलात.

चॅट असलेला मोबाइल बदलू नका, व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसायची सोय चालू असेल तर बंद करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या भांडणातून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं होतं. मूळ फोन हाताशी असला की हे काम सोपं होतं. बाईचा फोटो टाकून फेसबुकवर ‘हिच्यापासून सावध’ असं लिहू नका, उलट अब्रुनुकसानीची नोटीस येईल. तिने ‘पर्स परत पाठवा, मग पैसे देते’ म्हटलं तर पैसे खात्यात आल्याशिवाय पर्स पाठवू नका. आणि कुरिअरचा खोका, त्यावरचं पाठवणाऱ्याच्या पत्त्याचं लेबल, ते रद्दीत तर गेलं नाही ना? नोटीस पाठवायला तूर्त तोच एक पत्ता आहे.

राहिलं घरचं. महिलेला साक्षीसाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब ती राहते तिथेच घ्यायचा असतो. तुम्ही स्वखुशीने ठाण्यात जाऊ शकता, तेवढी मोकळीक आहे. पण आयोगाची पत्रं, ॲपच्या वकिलाचं उत्तर, परत आलेली स्पीड पोस्टची पाकिटं, हे सगळं तक्रारीत लिहिलेल्या घरच्या पत्त्यावरच येणार, आणि पोस्टमन दुपारी येतो तेव्हा तुम्ही ऑफिसात असता. दार कोण उघडतं ते तुम्हाला माहीत. तक्रारीवर सही करायच्या आदल्या संध्याकाळी मिस्टरांना सांगून टाका.