सोलर नंतर बघू, आधी पाटल्या सोडवा

कोल्हापुरातल्या दुधाळी भागातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर, हातात ४६ हजार येतात, दोन पोरं, वडिलांनी बांधलेलं दोन मजली घर. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं, भिंतीवरची रेघ अजून रंगाखालून दिसते म्हणतात. २०२१ ला परत तेच. थोरला आठवीत आहे, त्यानं शाळेत हवामान बदलावर प्रोजेक्ट केला आणि घरी येऊन बापाला विचारलं, मग आपण काय करायचं? म्हणून यांनी सोलर बघायला घेतलं. एजन्सीवाला ५ किलोवॅट घ्या म्हणतोय. किंमत ३ लाख १० हजार, त्यातले ७८ हजार सबसिडीतून येणार, उरलेल्याला तोच ९ टक्क्यानं सात वर्षांचं कर्ज करून देणार, हप्ता ४५००. वीजबिल शून्य, वर जादा वीज विकून महिन्याला तीन-चार हजार सुटतील म्हणे. सध्या बिल सरासरी १४० युनिटचं, १४०० रुपये.

पुढं त्यांच्याच शब्दांत: "घेऊ का? मंडळींना विचारलं तर म्हणाल्या आधी माझ्या पाटल्या सोडवा, मग छतावर काय लावायचं ते लावा. (दरवर्षी जुलैत पॉलिसीचा ९६ हजारांचा हप्ता भरायला पाटल्या तारण ठेवतो, दिवाळीचा बोनस आणि थोडं थोडं करून मार्चपर्यंत सोडवतो. पॉलिसी चांगली आहे, २०४२ ला २६ लाख मिळणार आहेत.)"

दादा, तुमचा खरा प्रॉब्लेम त्या कंसात आहे.

पण विचारलंय ते आधी उरकतो. ५ किलोवॅट घेऊ नका. एक किलोवॅट आपल्याकडं वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला ११०-१२० युनिट देतं, म्हणजे पाचचे साडेपाचशेच्या वर झाले. तुम्हाला लागतात १४०. उरलेले चारशे ग्रीडमध्ये जातात, खात्यावर जमा दिसतात आणि मार्चअखेरीला जे शिल्लक राहतं त्याला तुम्ही मोजता तो दर मिळत नाही, त्यापेक्षा बराच कमी मिळतो. तीन-चार हजार सुटतील ते एजन्सीवाल्याच्या तक्त्यात. बिल शून्यही होत नाही, स्थिर आकार येतच राहतो. आणि त्या ९ टक्क्यांचं एक बघा, ९ टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता ३७०० च्या आसपास यायला हवा होता, तुम्हाला ४५०० सांगितलाय म्हणजे हा फ्लॅट रेट आहे, व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, खरा दर पंधराच्या वर गेला. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेत सरकारी बँका विनातारण कर्ज सहा टक्क्यांच्या आसपास देतात, ते त्यानं सांगितलं नाही कारण त्यात त्याला कमिशन नाही. १४०० चं बिल वाचवायला ४५०० चा हप्ता, नाद खुळा हिशेब आहे.

२ किलोवॅट घेतलं तरी तुमचं अख्खं घर चालून वर उरतंय. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८, त्याच्या पुढं काही नाही. दोनला सबसिडी जाऊन पाऊण लाखाच्या आसपास खर्च, बचत वर्षाला १४ हजार, सव्वापाच-साडेपाच वर्षांत वसूल. पाच किलोवॅटलाही घरातल्या बिलाची बचत तेवढीच, फक्त घातलेत सव्वादोन लाख. आता निसर्गाला तुमचे जादा युनिट उपयोगी पडतात हे खरंय, खोटं कशाला बोलू, तेवढा कोळसा कुठंतरी कमी जळतो. पण ती देणगी झाली आणि कर्ज काढून देणगी द्यायची तुमची आज परिस्थिती नाही.

का नाही, ते बघू.

पॉलिसी २०२२ ला घेतली, दुसऱ्या पुरानंतरच्या वर्षी, बँकेतल्या पोरानं "पुढचं काय सांगता येत नाही साहेब" म्हणून गळ्यात मारली. पूर येतो म्हणून जीवन विमा विकला! घराला विमा हवा होता तो आजही नाही, त्याच्यावर येतो शेवटी. ९६ हजार, १५ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २६ लाख, विमा १० लाखांचा. एकूण भरणार १४ लाख ४० हजार, म्हणजे परतावा साडेचार-पावणेपाच टक्के. त्या पोरानं आठ टक्के बोनस सांगितला असेल तर तो विमा रकमेवर असतो, तुम्ही भरलेल्या पैशावर नाही, हा खेळ फार जुना आहे. आणि ते साडेचार टक्के मिळवायला तुम्ही सोनंतारण कर्ज काढताय दहा-अकरा टक्क्यानं! वर्षाला चार-साडेचार हजार नुसतं व्याज जातंय, चार वर्षांत सतरा-अठरा हजार गेले. दहानं उचलायचं आणि साडेचारनं ठेवायचं, असा धंदा लक्ष्मीपुरीतला एक व्यापारी करणार नाही.

बरं, विमा म्हणून तरी काय आहे? उद्या तुम्हाला काही झालं तर घरात १० लाख येणार. ४६ हजारांवर चालणारं घर, १० लाख दोन वर्षंसुद्धा पुरत नाहीत, आणि धाकटा पाचवीत.

मग करायचं काय. साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा) घ्या, तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला १५ ते २० हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही गेलाय. तंबाखू असेल तर फॉर्मवर खरं लिहा, फौंड्रीतली मळणारी पोरं हमखास "नाही" वर टिक करतात आणि नंतर क्लेम अडकतो. टर्म हातात आल्यावर, आधी नाही, ही पॉलिसी बंद करा. चार हप्ते झालेत, सरेंडर केली तर भरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतील, एक लाख ९० धरा. पोटात दुखेल, मला माहितीय, तीन लाख ८४ हजार भरलेत. पण पुढचे ११ हप्ते अजून तुमच्या हातात आहेत ते बघा. ते १ लाख ९० आणि टर्मचा हप्ता जाऊन उरणारे वर्षाला ७८ हजार पीपीएफमध्ये गेले (वर्षाला दीड लाखांच्या वर टाकता येत नाहीत, म्हणून ते १ लाख ९० दोन-तीन वर्षांत वाटून टाका), आजचा ७.१ टक्के दर तसाच राहिला धरलं, तर २०४२ ला होतात चोवीस लाखांच्या वर. पॉलिसीच्या २६ लाखांपेक्षा थोडे कमी खरे, पण मध्ये एक कोटीचं संरक्षण, आणि पाटल्या बाराही महिने मंडळींच्या हातात. ते सोनंतारणाचं व्याज वाचून ठेवलंत तर उरलेला फरकही बराचसा भरून निघतो. आणि ७८ हजार एकदम जुलैत काढायचे नाहीत, महिन्याला साडेसहा हजार पगारातून टाकायचे, मग तारण ठेवायची वेळच येत नाही.

आता पोराच्या प्रश्नाकडं. तो प्रश्न चांगला आहे आणि त्याला तीन लाखांचं उत्तर लागत नाही.

तुमच्या घराचा धूर कुठून निघतो ते त्याला कागदावर मांडायला सांगा. वीज १४० युनिट, आपली वीज अजून बरीचशी कोळशावरची, एका युनिटमागं साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, वर्षाला १२०० किलो. सिलिंडर २५ दिवसाला एक म्हणताय, एक सिलिंडर जळलं की ४२ किलो, वर्षाचे ६०० किलो. पेट्रोल तुमची गाडी आणि मंडळींची मोपेड मिळून महिन्याला २० लिटर, लिटरला २.३ किलो, वर्षाला साडेपाचशे. आणि पेट्रोलला महिन्याला २१०० जातात हो, वीजबिलापेक्षा जास्त! तो खर्च कमी करण्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. शेजारच्या गल्लीतला कोणी शिरोलीला त्याच शिफ्टला जात असेल तर एका गाडीवर जा, यात गुंतवणूक शून्य.

पंखे किती जुने आहेत? तीन पंखे वडिलांच्या काळातले म्हणताय म्हणजे ७५ वॉटचे. बीएलडीसी पंखा ३० वॉटवर तोच वारा देतो, तीनला नऊ हजार लागतील. दिवसाला बारा तास, वर्षातले आठ महिने धरले तर ३९० च्या आसपास युनिट वाचतात. आणि वाचतात कुठले? महावितरणचे पहिले शंभर युनिट सगळं धरून सात रुपयांच्या आसपास पडतात, त्याच्या पुढचे तेराच्या घरात, तुमचे वाचणार ते बहुतेक महागातले. वर्षाला साडेचार हजार, दोन वर्षांत पैसे परत, हवेतला २७० किलो धूर कमी. घातलेल्या रुपयामागं वाचणाऱ्या पैशात सोलर याच्या जवळही येत नाही. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवता तिथं पुढंमागं सोलर हीटर बघा, पावसाळ्यात चालणार नाही पण चार-पाच सिलिंडर वाचतील. इंडक्शन घेऊ नका एवढ्यात. कोळशाच्या विजेवर तेवढाच स्वयंपाक केला तर गॅसपेक्षा धूर जास्त होतो, छतावर स्वतःची वीज आल्यावर मग जमतं.

पोराला एक खरं सांगून ठेवा. हवा एका डिग्रीनं तापली की सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. पण आपल्या घरावर पॅनेल लावलं म्हणून राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी इंचभर उतरणार नाही. धोक्याची पातळी ४३ फूट आणि २०१९ ला पाणी ५५ च्या वर होतं, त्यात पूररेषेतल्या बांधकामांचाही वाटा आहे. घराघरातून कमी झालं तर फरक पडतो, आणि हळू पडतो.

तोपर्यंत पाणी येणार. म्हणून घराचा विमा. "भारत गृह रक्षा" नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल विमा कंपन्या देतात, त्यात पूर धरलेला आहे, घरातलं सामानही काही मर्यादेपर्यंत येतं. वर्षाला दोन-तीन हजारांच्या आत बसेल. ९६ हजार भरणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही म्हणजे कमाल आहे.

सोलर पाटल्या सुटल्यावर, मार्चनंतर, २ किलोवॅट, सरकारी बँकेच्या कर्जावर. तोवर मीटर वडिलांच्या नावावर असेल तर तुमच्या नावावर करून घ्या, अर्जाला तेच लागतं. आणि एजन्सीवाल्यानं काढलेला नकाशा तुम्ही पाठवलाय त्यात इन्व्हर्टर जिन्याखाली मीटरशेजारी दाखवलाय. तुमची ती पुराची रेघ जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत जाते ते मोजा, आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर बसवणार असं कोटेशनवर लिहून घेतल्याशिवाय कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.